लहानपणीच्या लसी, मोठेपणीचे डोस

पायात खिळा घुसला, विळ्याने बोट कापले, दुचाकीवरून पडून गुडघा सोलवटला की आपल्याकडे कोणी सांगायची वाट न पाहता 'टीटी' घेतली जाते. चार महिन्यांपूर्वी घेतलेली असली तरी पुन्हा घेतली जाते, कारण 'टीटी सहा महिनेच चालते' हा समज घराघरांत पक्का बसला आहे. त्याच घरात साठी ओलांडलेली आजी असते. तिला धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन धाकट्या मुलाच्या वेळी, गरोदरपणात मिळाले. त्यानंतर एकदाही नाही. मुलाला गरजेपेक्षा जास्त डोस, आईला एकही नाही, आणि दोघांकडेही कागदाचा चिटोरा नाही.

लसीकरण बाळाच्या कार्डापाशी संपते असे आपण धरून चालतो. काही लसींचे संरक्षण मात्र वयाबरोबर ओसरते. काही लसी आपण लहान होतो तेव्हा सरकारी कार्यक्रमात नव्हत्याच. मोठेपणी घ्यायच्या डोसची यादी तशी लहान आहे आणि त्यातला प्रत्येक डोस प्रत्येकाला लागत नाही. कोणाला काय लागते, ते कधी घ्यायचे आणि इंजेक्शननंतर दंड सुजला किंवा ताप आला तर काय करायचे, याचा हा हिशेब.

तुम्हाला लहानपणी काय मिळाले असेल?

जुने कार्ड हाताशी असेल तर काम सोपे आहे. बहुतेकांचे ते घर बदलताना, पुरात किंवा रद्दीत गेलेले असते. मग जन्मसालावरून अंदाज बांधावा लागतो.

भारतात सरकारी लसीकरण कार्यक्रम १९७८मध्ये सुरू झाला आणि १९८५पासून तो टप्प्याटप्प्याने सगळ्या जिल्ह्यांत पोचला. त्याआधी जन्मलेल्यांपैकी अनेकांना, विशेषतः खेड्यांतल्या मंडळींना, धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्यावरच्या त्रिगुणी लसीचे तीन डोस पूर्ण मिळालेले नसण्याची शक्यता बरीच आहे. गोवराची लस १९८५पासून मिळू लागली, तीही एकाच डोसची. दुसरा डोस २०१०पासून आला. 'बी' काविळीची लस सरकारी दवाखान्यांतून देशभर पोचायला २०११ उजाडले. रुबेलाची लस २०१७मध्ये आली. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम २०१८च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी. म्हणजे २००३च्या आधी जन्मलेल्यांना ती शाळेत मिळालेली नाही. गालगुंड आणि कांजिण्यांच्या लसी महाराष्ट्रात आजवर खासगी बालरोगतज्ज्ञांकडेच घ्याव्या लागल्या आहेत. ज्यांच्या पालकांनी त्या पैसे देऊन टोचून घेतल्या, त्यांनाच त्या मिळाल्या.

यावरून अंदाज आला की पुढचे दोन नियम ध्यानात ठेवा. पहिला: लेखी नोंद नसेल तर लस मिळालेली नाही असे धरायचे. 'घेतली असावी' हा पुरावा होत नाही. गोवर, कांजिण्या किंवा 'बी' काविळीचा एखादा डोस चुकून जादा झाला तरी निरोगी माणसाला त्याने अपाय होत नाही. दुसरा: अर्धवट राहिलेला कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. काविळीचे दोन डोस घेऊन चार वर्षे गेली असतील तर फक्त तिसरा घ्यायचा.

धनुर्वात आणि घटसर्प: जुनी टीटी, आताची टीडी

धनुर्वाताचे जंतू माती, शेण आणि धुळीत बीजरूपाने वर्षानुवर्षे तग धरतात. ते जखमेवाटे आत जातात, विष तयार करतात आणि त्या विषाने स्नायू आखडतात. सुरुवात बहुधा जबड्यापासून होते. हा रोग एकदा होऊन गेला तरी पुढे त्यापासून संरक्षण मिळत नाही, त्यामुळे बरे झालेल्या रुग्णालाही लस घ्यावी लागते. बाळबाळंतिणींचा धनुर्वात भारतात २०१५पासून नगण्य झाला, ही मोठी कमाई आहे. पण शेतात राबणारी पन्नाशी-साठीतली माणसे अजून त्याच्या तावडीत सापडू शकतात.

२०१९पासून सरकारी कार्यक्रमात टीटीची जागा टीडीने घेतली. टीडीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही कमी प्रमाणातला अंश असतो. घटसर्प आपल्याकडून गेलेला नाही, आणि तो आता मोठ्या मुलांत व तरुणांतही दिसतो, कारण लहानपणच्या लसीची ताकद तोवर उतरलेली असते. मुलांना टीडी १० आणि १६ वर्षांच्या वयात मिळते. त्यापुढे काय करायचे?

- लहानपणीचे डोस पूर्ण झाले असतील तर दर १० वर्षांनी एक टीडी, असा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाळपणापासून किशोरवयापर्यंत ठरल्या वेळी सहा डोस पूर्ण झाले असतील तर संरक्षण पुढे अनेक दशके टिकते. पण सहाच्या सहा डोसांची नोंद फार थोड्यांकडे असते, म्हणून दहा वर्षांचा हिशेब सोयीचा.
- लहानपणी काहीच मिळाले नसेल किंवा काही कळायला मार्ग नसेल तर तीन डोस: पहिला आज, दुसरा ४ आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर ६ ते १२ महिन्यांनी.
- मूळ कोर्स झालेल्या माणसाला स्वच्छ, किरकोळ जखम झाली आणि शेवटच्या डोसला १० वर्षे झाली नसतील तर नवा डोस लागत नाही.
- जखम खोल असेल, माती-शेणाने माखलेली असेल, भाजलेले किंवा चिरडलेले असेल तर शेवटच्या डोसला ५ वर्षे झाली आहेत का ते पाहायचे. झाली असतील तर डोस घ्यायचा.
- अशी घाण जखम झालेल्या माणसाला पूर्वी तीन डोस मिळालेलेच नसतील तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हे वेगळे इंजेक्शनही लागते. लसीचा परिणाम व्हायला वेळ लागतो. हे इंजेक्शन तयार प्रतिपिंडे लगेच पुरवते.

'सहा महिन्यांनी टीटी' या सवयीचा तोटा असा, की वारंवार डोस घेतलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच भरपूर असतात. त्यावर आणखी एक डोस पडला की काही तासांत खांद्यापासून कोपरापर्यंत हात सुजतो आणि ठणकतो. ही सूज आठवडाभरात उतरते, पण ती टाळता येण्यासारखी असते. ज्यांना एकदा असे झाले आहे त्यांनी पुढचा डोस १० वर्षांच्या आत घेऊ नये आणि जखम झाल्यावर हा प्रकार डॉक्टरांना आठवणीने सांगावा.

आणखी एक गफलत नेहमी होते. कुत्रा चावल्यावर धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन माणसे घरी परततात. धनुर्वाताची लस रेबीजपासून वाचवत नाही. चावा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायचा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा.

डांग्या खोकला: घरात बाळ येणार असेल तर

त्रिगुणी लसीतला तिसरा गुण डांग्या खोकल्याचा. सरकारी वेळापत्रकात त्याचा शेवटचा डोस ५-६ वर्षांच्या वयात मिळतो आणि काही वर्षांतच त्याचा प्रभाव कमी होतो. मोठ्या माणसाला हा रोग झाला तर महिना-दोन महिने न हटणारा खोकला होतो. तो धुळीवर किंवा हवेवर ढकलला जातो. तोच माणूस महिन्याच्या बाळाला मांडीवर घेतो. बाळाचा पहिला डोस ६ आठवड्यांनी असतो, त्यामुळे तोपर्यंत ते पूर्णपणे उघडे असते. इतक्या लहान बाळाला धड खोकताही येत नाही. त्याचा श्वासच थांबू शकतो.

यासाठी टीडॅप ही लस आहे: टीडी आणि डांग्या खोकला एकत्र. प्रौढ वयात दहा वर्षांच्या एखाद्या टीडीऐवजी एकदा टीडॅप घ्यावी. बाळाचे बाबा, दोन्हीकडचे आजी-आजोबा, सांभाळायला येणाऱ्या मावशी या सगळ्यांनी बाळाला भेटण्याच्या निदान दोन आठवडे आधी ती घेतलेली बरी.

गरोदर स्त्रीसाठी ती सर्वांत मोलाची. २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घेतली की आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले दोन-तीन महिने त्याला जपतात. ही प्रतिपिंडे पुढच्या बाळंतपणापर्यंत टिकत नाहीत, म्हणून दर गरोदरपणात नवा डोस. सरकारी दवाखान्यात गरोदरपणात टीडी मोफत मिळते. टीडॅप बहुधा खासगीत घ्यावी लागते आणि तिला हजार रुपयांच्या वर खर्च येतो. टीडीच्या दोन डोसांपैकी एकाच्या जागी टीडॅप चालेल का, हे आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारून ठेवा, म्हणजे सरसकट तिन्ही टोचून घ्यायची वेळ येणार नाही.

गोवर, गालगुंड, रुबेला

२०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ पसरली. रोग लहान मुलांचा म्हणून ओळखला जातो, पण लस न घेतलेल्या मोठ्या माणसाला तो जास्त त्रास देतो. लसीच्या एका डोसने गोवरापासून सुमारे ९३ टक्के संरक्षण मिळते, दोन डोसांनी सुमारे ९७ टक्के. साठी-सत्तरीतल्या बहुतेकांना लहानपणी गोवर येऊन गेलेला असतो. त्यांना ही लस सहसा लागत नाही. प्रश्न असतो तो त्यांच्यानंतरच्या, एकच डोस मिळालेल्या पिढीचा. त्यांच्यातही तीन गटांनी या तिन्ही रोगांवरच्या एमएमआर लसीचा विचार करावाच.

पहिला गट मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या स्त्रियांचा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष होऊ शकतात. एमएमआर ही जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंची लस असल्याने गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर निदान महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. म्हणून हे काम आधीच उरकावे लागते. बाळंतपण झाल्यावर, अंगावर पाजत असतानाही ती घेता येते.

दुसरा गट दवाखान्यात, रुग्णालयात, पाळणाघरात काम करणाऱ्यांचा. तिसरा गट परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांचा. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे एमएमआरच्या दोन डोसांचा पुरावा मागतात. दोन डोसांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते, त्यामुळे विमानाच्या तारखेआधी दोन आठवडे जाग आली तर वेळ साधत नाही. प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या. कागद सापडत नसेल तर रक्तातली आयजीजी प्रतिपिंडे तपासून त्याचा अहवाल अनेक ठिकाणी चालतो. एक बारीक गोष्ट: क्षयरोगाची त्वचाचाचणीही करायची असेल तर ती एमएमआरच्याच दिवशी करा, नाहीतर ४ ते ६ आठवडे थांबा, मधल्या काळात चाचणी चुकीची 'निगेटिव्ह' येऊ शकते. तसेच दोन जिवंत लसी घ्यायच्या असतील तर एकाच दिवशी दोन दंडांत घ्या, किंवा त्यांच्यात २८ दिवस जाऊ द्या.

कांजिण्या, नागीण आणि 'बी' कावीळ

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर त्यांची लस लागत नाही. आल्या नसतील तर ४ ते ८ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावेत, कारण मोठ्या वयातल्या कांजिण्यांत न्यूमोनियाचा धोका वाढतो. ही लसही जिवंत विषाणूंची, म्हणून गरोदरपणात वर्ज्य.

कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यावरही मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. पन्नाशीनंतर तिच्यासाठी वेगळी, जिवंत विषाणू नसलेली लस २०२३पासून भारतात मिळते: २ ते ६ महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे आणि तिच्यानंतर दोन-तीन दिवस अंगदुखी, थकवा, ताप बऱ्याच जणांना येतो. ज्यांनी घरात नागिणीची महिनोन्‌महिने न शमणारी आग पाहिली आहे, ते हा त्रास सोसायला तयार होतात.

'बी' काविळीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. ते पूर्ण झाले की निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. न घेतलेल्यांनी आधी एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी एकदा करून घ्यावी, कारण आपल्याला आधीच हा संसर्ग आहे हे अनेकांना ठाऊक नसते. डायलिसिसवरचे रुग्ण, रक्त आणि सुयांशी रोज संबंध येणारे कर्मचारी, घरात 'बी' काविळीचा रुग्ण असलेले लोक यांनी ही लस लांबणीवर टाकू नये. पहिल्या दोन गटांनी कोर्सनंतर १-२ महिन्यांनी प्रतिपिंडे तपासून १० युनिटच्या वर आहेत याची खात्री करून घ्यावी.

कशाची गरज नाही

दंडावर बीसीजीचा व्रण दिसत नाही म्हणून अनेकजण धास्तावतात. व्रण नसणे म्हणजे लस वाया गेली असे नाही, आणि तेवढ्यासाठी मोठेपणी ती पुन्हा घेण्याची शिफारसही नाही. पोलिओचेही तसेच: भारतात मूळ पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला आणि २०१४मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. मोठ्यांना नेहमीसाठी डोस लागत नाही. अफगाणिस्तान किंवा पाकिस्तानसारख्या, पोलिओ अजून असलेल्या देशांत जाणाऱ्यांना मात्र प्रवासाच्या ४ आठवडे आधी डोस घेऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. हजला जाणाऱ्यांना मेनिंगोकॉकल लस सक्तीची असते. ती निघण्याच्या किमान १० दिवस आधी झालेली हवी.

इंजेक्शननंतर काय होते?

टीडी किंवा टीडॅप सकाळी घेतली असे समजा. दुपारपर्यंत काही जाणवत नाही. संध्याकाळी सदरा काढायला हात वर केला की दंडात ठणका उठतो. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. दुसऱ्या दिवशी टोचल्या जागी रुपयाएवढी, कधी त्याहून मोठी लाली आणि गरम सूज दिसते. डोके जड, अंग मोडून आल्यासारखे, क्वचित कणकण. तिसऱ्या दिवशी ठणका उतरतो. काहींना त्या जागी वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे लागते आणि आपोआप विरते. काखेत लहानशी गाठ सुजणेही याच वाटेवरचे. टीडॅपनंतर दर तिघांतल्या साधारण दोघांचा दंड दुखतो. ताप मात्र फार थोड्यांना येतो. हा सारा प्रकार म्हणजे शरीराने जुन्या पाठाची केलेली उजळणी आहे. काहीच झाले नाही तरी लस लागू पडलेली असते, त्याचीही चिंता नको.

जिवंत लसींचे वेळापत्रक वेगळे. एमएमआरनंतर पहिल्या आठवड्यात बहुधा काही होत नाही आणि ७ ते १२ दिवसांनी अचानक ताप, अंगावर फिकट पुरळ येऊ शकते. गालाखालच्या किंवा मानेच्या गाठी सुजू शकतात. मोठ्या स्त्रियांपैकी सुमारे चौथाई जणींचे सांधे एक ते तीन आठवड्यांनंतर काही दिवस दुखतात. कारण लसीतला रुबेलाचा अंश. ही शक्यता आधी कोणी सांगितलेली नसते, म्हणून संधिवाताच्या तपासण्या सुरू होतात. इंजेक्शनची तारीख डॉक्टरांना सांगा, उलगडा लगेच होतो. कांजिण्यांच्या लसीनंतर टोचल्या जागी किंवा अंगावर चार-दोन फोड येऊ शकतात. फोड आले तर ते झाका आणि ते सुकेपर्यंत गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे व प्रतिकारशक्ती खालावलेली माणसे यांच्यापासून जरा दूर राहा.

घरच्या घरी करायचे एवढेच:

- जागा चोळू नका, गरम पाण्याने शेकू नका, त्यावर तेल, हळद, चुना काही लावू नका. स्वच्छ फडके थंड पाण्यात भिजवून दहा मिनिटे ठेवा.
- हात बांधून ठेवू नका. नेहमीची कामे करत राहिले की आखडलेपणा लवकर जातो.
- दुखणे किंवा ताप सोसवत नसेल तर पॅरासिटॅमॉल घ्या. यकृताचा विकार असलेल्यांनी आधी विचारावे. त्रास होईल या भीतीने इंजेक्शनच्या आधीच गोळी घेऊ नका.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टोचण्याआधी सांगा. बारीक सुई वापरून नंतर दोन मिनिटे न चोळता दाबून धरले की सहसा काळेनिळे होत नाही.

कधी थांबू नये?

तीव्र अ‍ॅलर्जी ही खरी भीतीची गोष्ट. दहा लाख डोसांमागे साधारण एखाद्याला ती होते आणि बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात होते. अंगभर गांध्या, ओठ-डोळे सुजणे, घशात अडकल्यासारखे होणे, धाप, भोवळ, एकाएकी गळून जाणे, ही तिची खूण. त्यावर अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते. म्हणून इंजेक्शन घेऊन लगेच गाडीला किक मारू नका. १५ मिनिटे, आणि पूर्वी कशाची अ‍ॅलर्जी झाली असेल तर ३० मिनिटे, तिथेच बसा. बसण्याचा दुसराही फायदा आहे: तरुण मुलामुलींना सुईच्या भीतीने चक्कर येते, आणि डोक्याला लागते ते उभ्याने पडल्यामुळे. अ‍ॅलर्जीची लक्षणे घरी गेल्यावर दिसली तर १०८ला फोन करा.

पुढीलपैकी काही दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा: तीन दिवसांनंतरही वाढत जाणारी लाली, पू किंवा चढता ताप; खांदा इतका दुखणे की आठवड्यानंतरही हात वर जात नाही, किंवा दुखण्यापाठोपाठ हातातली ताकद कमी होणे; पाय लुळे पडत वर चढणारा अशक्तपणा; एमएमआरनंतरच्या महिना-दीड महिन्यात अंगावर जांभळे ठिपके किंवा हिरड्यांतून रक्त. यातले बरेचसे अत्यंत विरळ आहे, आणि लसीनंतर झालेले सगळेच लसीमुळे झालेले नसते. पण तपासणी व्हायलाच हवी आणि नोंदही व्हायला हवी. लस दिलेल्या दवाखान्याला कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांकही आहे.

खांद्याचे दुखणे कधी कधी सुई फार वर, सांध्याजवळ टोचल्याने होते. ते टाळणे आपल्या हाती आहे: बाही गळ्याकडून खाली ओढण्याऐवजी दंड पूर्ण उघडा पडेल असे कपडे घालून जा आणि खुर्चीत नीट बसून टोचून घ्या.

आधी विचारून घ्यावे असे कोण?

कर्करोगावर उपचार घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेणारे यांनी जिवंत लस परस्पर घेऊ नये. टीडी, टीडॅप, 'बी' कावीळ या त्यांना चालतात, पण वेळ तज्ज्ञांनी ठरवावी. अलीकडे रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवले असेल तर एमएमआर काही महिने पुढे ढकलावी लागते. पूर्वी धनुर्वाताच्या लसीनंतर सहा आठवड्यांत गियाँ-बारे (पाय लुळे पडत वर चढणारा अशक्तपणा) झाला असेल, किंवा याच लसीची तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा. साधी सर्दी, किरकोळ खोकला, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या यांच्यासाठी लस थांबवायची नसते. अंगात चांगला ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबा. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही एमएमआर चालते.

कुठे घ्यावी, कशी जपावी?

टीडी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात मिळते. बाकीच्या लसींसाठी फॅमिली डॉक्टर किंवा मोठ्यांना लस देणारे बालरोगतज्ज्ञ गाठावे लागतात. शक्यतो दवाखान्याच्याच फ्रिजमधली लस घ्या. या लसी २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात. मेडिकलमधून आणायची वेळ आली तर थर्मासमध्ये आणा, आणि कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नका. टीडी, टीडॅप आणि काविळीची लस गोठली की निकामी होते. कुपीवरची मुदत स्वतः वाचा. नवी सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगण्यात संकोच नको.

आणि टोचून झाले की नोंद. लसीचे नाव, तारीख, कितवा डोस, कोणता दंड, कुपीवरचा बॅच क्रमांक, दवाखान्याचा शिक्का. 'टीडी, बूस्टर, १२ जून, डावा दंड' एवढी ओळ असलेला कागद रेशनकार्डाच्या फाइलीत लावा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. लहान मुलांच्या आणि गरोदर मातांच्या लसींची नोंद आता यू-विन या सरकारी पोर्टलवर होते. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची नोंद त्याने स्वतःच ठेवायची आहे.

सुरुवात दोन माणसांपासून करा: घरातले सर्वांत वयस्कर माणूस, आणि बाळाचा विचार करणारी लेक किंवा सून. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला आजी या महिन्यात दवाखान्यात जाणारच आहे. त्याच फेरीत तिची टीडी होऊ शकते. लेकीची एमएमआर एकदा दिवस राहिले की बाळंतपण होईपर्यंत घेता येत नाही, म्हणून तिची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या. तिच्या डोसला मुदत आहे. आजीचा तर केव्हाचाच थकलेला आहे.